शेळीच्या दुधाचा पौष

दिवाळी उलटली की कुपवाडच्या रस्त्यावर एके सकाळी रहदारी थांबते. कारखान्याला निघालेले स्कूटरवाले हॉर्न वाजवतात, ट्रकचा ड्रायव्हर दार उघडून बाहेर डोकावतो, आणि त्या सगळ्यांच्या मधून दोन-अडीचशे मेंढरं, आपल्यासाठी कोणी हॉर्न वाजवतंय याची जराही दखल न घेता निघून जातात. पुढे एक घोडं, त्याच्या पाठीवर संसार, संसाराच्या वर बांधलेल्या दोन कोंबड्या आणि एक झोपलेलं पोर. मागे खांद्यावर काठी आडवी टाकलेला धनगर. लोक वैतागतात. मी मात्र कडेला स्वस्थ उभा राहतो. मेंढरांच्या ओलसर, तेलकट लोकरीचा वास नाकात गेला की मला दुधाची आठवण होते. मेंढरं बघून दूध आठवणारा माणूस अख्ख्या तालुक्यात मी एकटाच असेन.

त्यात मला दूध आवडत नाही. हे वाक्य आमच्या भागात सहज बोलता येत नाही. ‘मी देव मानत नाही’ म्हटलं तर लोक वाद घालतात. ‘मी दूध पीत नाही’ म्हटलं की काळजीनं तब्येतीची चौकशी करतात. दुधाच्या चारित्र्याबद्दल मला शंका नाही. पण तापलेल्या म्हशीच्या दुधाचा तो जड, गोडसर वास, आणि त्यावर धरलेली ती जाड साय! पेला तोंडाला लावला की साय ओठाला येऊन चिकटायची. कोणीतरी ओल्या बोटांनी आपलं तोंड दाबून धरल्यासारखं वाटायचं.

गंमत अशी की दुधाच्या बाकी सगळ्या गोतावळ्याशी माझं उत्तम जमतं. ताकात भाकरी कुस्करून वर लसणाची चटणी टाकली की मी पानावरून उठत नसे. लोणी कढवल्यावर भांड्याच्या तळाशी राहिलेली तपकिरी बेरी, तिच्यावर गुळाचा खडा. म्हैस व्याली की खरवस, त्याच्या वड्या थाळीत थरथरत असतानाच खायच्या. आणि सगळ्यात वरची जागा खरवडीची. दुधाचं भांडं रिकामं झालं की त्याच्या बुडाशी लागलेली ती जळकी, गोड, चिवट पापडी आई शिंपल्यानं खरवडून काढायची. खरवडीला वाटेकरी नसत. ज्याच्या हातात शिंपला, त्याची खरवड. साताऱ्याहून कोणी आलं तर कंदी पेढे यायचे. दूध इतकं आटवून, इतकं भाजून काढायचं की ते दूध होतं हे त्याचं त्यालाही आठवू नये, यात मला कारागिरीची कमाल वाटे. अजूनही वाटते.

माझ्या लहानपणी ही मतं घरात बोलून दाखवण्याची सोय नव्हती, कारण घर आण्णांचं होतं.

आण्णा माझे थोरले चुलते. मी रांगत होतो तेव्हाच वडील गेले. काकूही लवकर वारल्या, त्यांना मूलबाळ नव्हतं. सांगलीबाहेरच्या मळ्यातलं ते घर, दोन म्हशी, आई, मी आणि माझी थोरली बहीण अक्का, एवढ्यांवर आण्णांचा अंमल चाले. साताऱ्याच्या कचेरीत त्यांनी पंचवीस वर्षं कारकुनी केली होती, पण ‘कारकून’ हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नाही. ‘आम्ही कचेरीत असताना’ अशी त्यांची सुरुवात असे आणि ऐकणाऱ्याला वाटे, कचेरी यांच्यात होती. नुसती मोट बघायला जायचं असलं तरी अंगात कोट, डोक्याला फेटा आणि हातात चांदीच्या मुठीची काठी. आपल्याला बघून बैलसुद्धा सावरून उभे राहतात असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

“दूध पिणारा आणि न पिणारा,” आण्णा म्हणत, “माणसामाणसात भेद एवढाच. बाकीचे भेद सगळे थोतांड.” मग साताऱ्याच्या तालमीत त्यांनी तरुणपणी पाहिलेले पैलवान एकेक करून येत. कोण चार शेर पिई, कोण पाच. त्या पैलवानांची पुढे काय गत झाली ते कधी कळलं नाही, पण त्यांच्या नावानं दिवेलागणीला माझ्या हातात पितळी पेला येई. तो अंगणात उभं राहून, एका दमात संपवायचा. स्वतः आण्णा चहा घेत. सकाळी दोनदा, दुपारी एकदा, कपबशीतून. मी एकदा विचारलंच.

“आण्णा, तुम्ही का दूध पीत नाही?”

“आमचं शरीर घडून चुकलंय,” आण्णा बशीत फुंकर मारत म्हणाले. “घडलेल्या मूर्तीवर कोणी छिन्नी चालवत नाही.”

विहिरीजवळ लिंबाचं एक रोप होतं. आठवडाभर मी माझं दूध त्याला पाजलं. रोपाची काही तक्रार नव्हती. घात केला तो मुंग्यांनी. विहिरीपासून अंगणाच्या पायरीपर्यंत त्यांची रांग लागली आणि आण्णा त्या रांगेच्या कडेकडेनं, पुरावा हाती आल्यासारखे, काठी टेकत चालत गेले.

“हे काय?”

“मुंग्या.”

“ते दिसतंय. कशाला आल्यात?”

“दूध प्यायला. त्यांना आवडतं.”

दुसऱ्या दिवसापासून पेल्याचा आकार वाढला आणि पिताना आण्णा समोर उभे राहू लागले.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाचा हा काळ. अक्काला कडेगावला दिली होती. दाजी फौजेत. त्यांची पत्रं यायची, पण ठिकाणाच्या नावावर काळी शाई फासलेली असे, त्यामुळे दाजी जिवंत आहेत एवढं कळे, कुठे आहेत ते कळत नसे. अक्का बाळंतपणाला आमच्याकडे आली आणि तिला मुलगी झाली. सगळं नीट चाललं होतं. मग मार्गशीर्षात अक्काला ताप भरला. तो उतरेना. वैद्यांनी मुदतीचा ताप सांगितला. अक्का डोळे मिटून पडून राहायची, आणि तिचं दूध आटलं.

सव्वा महिन्याच्या त्या पोरीला म्हशीचं दूध पाणी घालून दिलं, ती ओकली. शेजारच्या मळ्यातून गाईचं आणलं, तेही ओकली. ज्या घरात दुधाचा एवढा उदो उदो, त्या घरात एक पोर भुकेनं रडत होतं, आणि तिच्या पाळण्याशेजारी उभा राहून मी रोज संध्याकाळी भरलेला पेला नाक मुरडत घशाखाली घालत होतो. तिला हवं होतं, पण तिचं पोट घेत नव्हतं. माझं पोट काहीही घ्यायला तयार होतं, मलाच नको होतं. माझ्या आवडीनिवडीची मला लाज वाटली ती त्या पौषात, पहिल्यांदा.

वैद्य म्हणाले, “शेळीचं दूध बघा. तेच तगवील. पोरीच्या अंगात फार दिवस काढायची ताकद नाही.”

आणि शेळी आमच्याकडे नव्हती. आण्णांनी ती कधी येऊ दिली नव्हती. “शेळी म्हणजे बेशिस्त,” असं ते म्हणत. “म्हैस जागेवर उभी राहते. शेळी छपरावर चढते.”

पण भुईमूग काढून मोकळ्या झालेल्या आमच्या शेतात तेव्हा जतकडच्या धनगरांचा तळ पडला होता. उसाची लागण करायच्या आधी मेंढरं शेतात बसवायची, त्यांच्या लेंड्यामुताचं खत रानाला मिळतं, आणि धनगराला त्याबद्दल धान्य द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. मेंढरांबरोबर त्यांच्या चार-पाच शेळ्याही असत. आईनं मला गडू देऊन पाठवलं.

तळाच्या कडेला मी उभा राहिलो, कारण पुढे कुत्रा उभा होता. तीन दगडांच्या चुलीपाशी बसलेली एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई माझ्याकडे बघत होती. हनुवटीवर गोंदण, केस पांढरे, हातात कोपरापर्यंत कथलाचे गोट. ती म्हाकूबाई. तळाचा कारभार तिच्याकडे होता. तिचा नवरा बिरू मेंढरांमागे असे आणि मेंढरांपेक्षा कमी बोले.

“काय रं, हितं का उभा? कुत्रं काय करत न्हाई. तू पळू नगंस, मंजी झालं.”

“शेळीचं दूध पाहिजे. आमच्या अक्काच्या बाळाला.”

“तुमच्यात दोन म्हशी हायत न्हवं? मालक तर सांगत हुतं, आमच्या घरात पाण्याऐवजी दूधच पित्यात म्हनून.”

“तिला पचत नाही. ओकते.”

बाईचं हसणं थांबलं. “किती दिसाचं हाय लेकरू?”

मी सांगितलं. ती उठली, एक तांबडी शेळी कानाला धरून आणली, गुडघ्यांत तिचं मागचं अंग धरलं आणि पहिली धार मातीत सोडली. मग गडूत दोन धारा एकाआड एक पडू लागल्या. गडू तळाला असताना घणघण आवाज, भरत आला तसा मऊ. थोडं दूध कासेत असतानाच तिनं हात काढला. “ह्ये तिच्या करडाचं,” ती म्हणाली. गडू माझ्या हातात दिला, पण सोडला नाही.

“दूध इकत न्हाई आमी. लेकराला द्येतो. पर ध्यानात ठेव. तापवताना उतू जाऊन चुलीत पडू द्यू नगंस. चुलीत दूध पडलं की शेळीच्या सडास्नी आग लागती. इचारीन मी रोज.”

आईनं त्यात निम्मं पाणी आणि वावडिंगाचे दाणे घालून ते उकळलं, गार केलं, बोंडल्यानं थेंब थेंब पाजलं. आम्ही सगळे वाट बघत बसलो. पोरगी ओकली नाही. झोपली.

आई थोरल्या दिरापुढे येत नसे, बोलत तर मुळीच नसे. दाराच्या फळीमागे उभी राहून ती माझ्याशी बोले आणि ते आण्णांनी ऐकायचं असे. “सांग तुझ्या आण्णांना,” ती म्हणाली, “पोटात राह्यलं.” आण्णा फळीच्या अलीकडे, चार हातांवर बसले होते. “तिला सांग,” ते मला म्हणाले, “ऐकलं.” आणि फेट्याचं टोक डोळ्यांना लावून, कुसळ गेलं असावं, असं पुटपुटत बाहेर गेले.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मी तळावर जाऊ लागलो. गडू रिकामा न्यायचा नाही म्हणून आई त्यात कधी मूठभर शेंगा, कधी हळकुंडाचे दोन तुकडे घाली. सकाळी थंडीनं बोटं वाकत नसत. मेंढरं एकमेकांत तोंडं खुपसून बसलेली आणि त्यांच्या वर वाफेचा एक पातळ थर. म्हाकूबाई मला जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या थाळीत जोंधळ्याच्या कण्या आणि शेळीचं ताक वाढी. त्या ताकाला उग्र वास होता, कण्यांत एखादा लोकरीचा केस सापडायचा. खाण्याच्या बाबतीत मी चिकित्सक समजला जाई, पण ती थाळी मी चाटून पुसून परत देई. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता वाटतं, त्या थाळीबरोबर पैलवान येत नसत. खाल्लं तर खाल्लं, नाही तर कुत्रा होताच. “भूक लागली तर खातंय मानूस,” ती म्हणे, “तेला सांगावं काय लागतंय?” दुधाविषयी आण्णांनी केलेल्या सगळ्या भाषणांना हे उत्तर मला अजून पुरतं.

शेळी सोडता सोडता ती रोज विचारी, “उतू न्हाई न्हवं गेलं?”

“नाही.”

आठ-दहा दिवस ते खरंही होतं.

मग एका संध्याकाळी अक्काचा ताप वाढला. आई तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली आणि दूध तापवायचं काम माझ्याकडे आलं. “नजर काढू नको,” एवढं सांगून ती आत गेली. चुलीशेजारी गुळाचा पुडा सोडलेला होता आणि तो बांधून आला होता त्या कागदावर अर्धी गोष्ट छापलेली होती. एक माणूस विहिरीत उतरत होता आणि दोर तुटायला आला होता. मी चिकट कागद विस्तवाच्या उजेडाकडे धरला. छापलेलं दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही, हा रोग मला तेव्हापासूनच. दोर तुटला की नाही ते कागद फाटल्यामुळे कधीच कळलं नाही. चर्र आवाज झाला, राखेचा लोट उठला, जळक्या दुधाचा वास घरभर झाला. मी भांडं उतरवलं तेव्हा त्यात अर्धंच उरलं होतं. मी पाणी घालून ते पूर्ववत केलं. पांढरं दिसत होतं, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल.

वासाचं आईला सांगितलं, “वावडिंग जळलं.” पोरगी ते पाणी प्यायली आणि उपाशीच किरकिरत राहिली.

सकाळी म्हाकूबाईनं विचारलं, “उतू न्हाई न्हवं गेलं?”

“नाही,” मी म्हणालो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तांबडी शेळी हात लावू देईना. पाय झाडायला लागली. म्हाकूबाईनं कास चाचपली, एक बाजू दगडासारखी लागली. सड पिळला तर पाण्यासारखं काहीतरी आलं आणि त्यात लाल रेघ होती. बाकीच्या शेळ्या आटलेल्या किंवा गाभण. म्हणजे दूध संपलं.

मी रडायला लागलो आणि रडता रडता सगळं सांगून टाकलं. गुळाचा कागद, विहिरीतला माणूस, चुलीत गेलेलं दूध, घातलेलं पाणी, खोटं बोललो ते. म्हाकूबाई ऐकत होती, पण तिचे हात थांबले नव्हते. ती हळद आणि मीठ गरम पाण्यात कालवत होती.

“माझ्यामुळंच झालं का?” मी विचारलं.

“कशामुळं का झालं असंना. आता सुजलीय न्हवं? मग शेक द्यायचा.”

जे झालं ते कोणामुळे झालं, हे ठरवण्यात आण्णांची पंचवीस वर्षं गेली होती. हजार कागद त्यांनी त्यावर खर्ची घातले असतील. या बाईला त्या प्रश्नात अजिबात रस नव्हता. पुढे मी पुस्तकांतून वाचलं की कासेला सूज येण्याचा चुलीतल्या दुधाशी काही संबंध नसतो, जंतूंशी असतो. पुस्तकांवर माझा विश्वास आहे. तरी आजही दूध तापत असलं की मी ते वर येऊन खाली बसेपर्यंत शेगडीपासून हलत नाही.

शेक देऊन झाल्यावर ती माझ्याकडे वळली. “जनावराला बोलाय येत न्हाई. तुला येतंय न्हवं? मग त्या दिशीच बोलायचं. आता ऐक. तुज्या आईला जाऊन सांग, माज्या सुनंच्या अंगावर पितं लेकरू हाय. तिला लय पान्हा हाय, दोन लेकरं प्वाटभर पितील. शेळी बरी हुईस्तवर पोरीला हिकडं घिऊन या म्हनावं.”

सून म्हणजे यल्लव्वा. ती पाठीला पोर बांधून मेंढरांच्या खुरांतले काटे काढत होती. तिनं मान वर करून नुसती होकाराची हालवली आणि पुन्हा काटा शोधू लागली.

मी घरी येऊन सांगितलं. घरात पोरीचं रडणं एव्हाना बारीक झालं होतं, मांजराच्या पिलासारखं. फळीमागून आई म्हणाली, “सांग आण्णांना, मी पोरीला तळावर नेते.”

आण्णा उभे राहिले. कोटाची बटणं लावली. बटणं लावून ते बोलायला लागले की ते लांबणार हे आम्हाला ठाऊक असे. “तळावर? मेंढरांत? आमच्या घरची पोर उघड्या रानात, दुसऱ्याच्या… लोक काय म्हणतील याचा विचार? कडेगावच्या मंडळींना आम्ही काय सांगायचं? आम्ही कचेरीत असताना—”

फळी सरकली आणि आई बाहेर आली. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत, पोरगी छातीशी. वीस वर्षांत ती त्यांच्यासमोर अशी उभी राहिली नव्हती.

“भावजी,” ती म्हणाली, “कचेरी ऱ्हाऊ द्या. ही संध्याकाळपतुर टिकायची न्हाई.”

आण्णांनी पोरीकडे बघितलं. मला वाटतं, तोवर त्यांनी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. मग त्यांनी काठी उचलली.

“तळावर कुत्री आहेत,” ते म्हणाले. “मी पुढं होतो.”

तशी आमची वरात निघाली. पुढे फेटा-कोटातले आण्णा, मागे आई, तिच्यामागे मी. ढेकळांतून चालताना आण्णांचे पंपशू दोनदा निसटले. तिसऱ्यांदा त्यांनी ते काढून बांधावर ठेवले. कुत्रा भुंकत आला, आण्णांनी काठी उगारली, आणि कुत्रा त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता आईच्या पायाशी जाऊन बसला.

म्हाकूबाईनं घोंगडं दोन काठ्यांवर टाकून आडोसा केला. यल्लव्वानं पाठीचं पोर सोडलं, आणि ते कुठे ठेवावं असा प्रश्न पडला तेव्हा म्हाकूबाईनं इकडेतिकडे बघून ते सरळ आण्णांच्या हातांत दिलं.

“धरा वाईच.”

“मी? अहो, पण—”

“आवं मालक, पोरगं हाय त्ये, कागुद न्हवं. असं लांब काय धरताय? उरापाशी घ्या.”

आण्णांनी उरापाशी घेतलं. आडोशामागे आधी काहीच ऐकू येईना. मग आमच्या पोरीचा एक हुंदका, आणि मग घटाघट गिळण्याचा आवाज, मधेच थांबून श्वास घेतलेला, पुन्हा सुरू झालेला. इतकं सुंदर पिणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. आई आडोशामागे रडत होती. आण्णा पोर धरून, अनवाणी, कोटावरून ओघळणारी धार पायापर्यंत आली तरी न हलता, आभाळाकडे बघत उभे होते.

“कोट गेला की तुमचा!” म्हाकूबाई म्हणाली.

“धुता येतो,” आण्णा म्हणाले.

त्यानंतर दिवसातून चार-पाच फेऱ्या होऊ लागल्या आणि आण्णा प्रत्येक फेरीला पुढे असत, आता कोटाशिवाय. कुत्र्याचं कारण दुसऱ्या दिवसापासून कोणी सांगेनासं झालं.

पण चौथ्या दिवशी बिरूनं घोडं आणून उभं केलं. आमचं शेत खतवून झालं होतं आणि आसपास चारा उरला नव्हता. पलीकडच्या गावाला पुढचा वायदा झालेला. मेंढरं दोन दिवस नुसते बांध चाटत होती. अडीचशे मुक्या पोटांपुढे तोही काय करणार? शेळीची कास अजून उतरली नव्हती. अक्काचा ताप उतरणीला लागला होता, पण तिच्यात बसायचंही त्राण नव्हतं.

“ऱ्हायलो असतो आमी,” म्हाकूबाई आण्णांना म्हणाली, “पर खायाला काय घालू ह्यास्नी? माती?”

मोकळ्या शेताला लागून आमचा हरभरा होता. घाट्यांवर आलेला, दाणा भरत चाललेला, गुडघ्याएवढा हिरवागार. त्याच्याभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण आण्णांनी स्वतः उभं राहून घालून घेतलं होतं, ते याच मेंढरांच्या भीतीनं.

आण्णा कुंपणाजवळ गेले. कोपऱ्यातली एक फांदी धरून ओढू लागले. ती रुतून बसली होती, काटे हाताला लागत होते. मी धावलो आणि आम्ही दोघांनी मिळून ती बाजूला केली. मग दुसरी. तिसरी काढेपर्यंत पुढची मेंढी आत शिरली होती.

“आवं मालक!” म्हाकूबाई ओरडली. “उभं पीक हाय त्ये!”

“दिसतंय मला,” आण्णा म्हणाले.

“खुळं झाला काय? आठ दिसांत भुई करत्याल!”

“आठ दिवस पुरेल म्हणता?” आण्णांनी विचारलं. “मग झालं.”

बिरू, जो कधी बोलत नसे, त्यानं घोड्याच्या पाठीवरचं बाजलं उतरवलं आणि म्हणाला, “ऱ्हातो.”

अडीचशे मेंढरं हरभरा खातात तेव्हा कसा आवाज येतो ते ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगणं कठीण आहे. कुरकुर, मोड, ओरबाड, आणि मधे मधे समाधानाचं शिंकरणं. हिरव्या हरभऱ्याची आंब हवेत पसरली, ओठांना आंबट चव आली. आण्णा बांधावर बसले. हातातला काटा दातांनी काढला. मग पायाजवळचा एक डहाळा उपटून त्यांनी घाटे सोलले, दोन दाणे स्वतः खाल्ले, दोन माझ्या हातावर ठेवले. बराच वेळ आम्ही दोघं खात बसलो होतो.

ते आठ दिवस पुरले. यल्लव्वा पाजत राहिली. आठवड्याअखेर शेळीची कास मऊ झाली, धार पुन्हा पांढरी आली. अक्का भिंतीला टेकून बसू लागली. तळ उठला तेव्हा तांबडी शेळी आणि तिचं करडू आमच्या गोठ्यात होती. म्हाकूबाईनं ती दाव्यासकट आणून बांधली आणि म्हणाली, “फुडच्या दिवाळीला न्हीन.” शेळी तिसऱ्या दिवशी छपरावर चढली. आण्णा खाली उभे राहून तिच्याकडे बघत होते. तिला हाकलायला गेलेल्या गड्याला त्यांनी काठीनं अडवलं.

फाल्गुनात खळी चालू झाली. प्रत्येक मळ्यात हरभऱ्याची मळणी आणि चावडीवर दुसरा विषय नाही. कोणाला किती झाला, दाणा कसा, कीड पडली का. आण्णांच्या शेताची हकीकत तोवर गावभर झाली होती आणि लोक दबा धरून बसलेले होते. एका संध्याकाळी आण्णांबरोबर मी चावडीवरून चाललो होतो. कोट घातलेला, फेटा बांधलेला. पारावरून एकानं डोळे मिचकावत विचारलं, “आण्णा, औंदा हरभरा किती झाला म्हणायचा तुमचा?”

आण्णा थांबले. आता बटणं लावून भाषण होणार म्हणून मी एक पाय दुमडून उभा राहिलो.

“एक नात,” आण्णा म्हणाले, आणि चालू लागले.